रक्तगटाचा रकाना

दवाखान्याच्या फाइलवर लाल पेनाने ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असलं की रांगेत बसलेल्या बाईला काय वाटतं, ते मला माहीत आहे. ताप नसतो, कुठे दुखत नसतं, तरी आपल्यात काहीतरी उणं आहे असं वाटत राहतं. शेजारची बाई फाइलकडे बघते आणि आपण फाइल उलटी ठेवतो. मी दोन बाळंतपणांत ती फाइल उलटी ठेवली. आज माझी दुसरी मुलगी सव्वा वर्षाची आहे आणि ती घरभर धावते. म्हणून हे मी आता न घाबरता लिहू शकते. माझ्यासारख्या बायकांनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी ते वाचावं, एवढीच इच्छा आहे.

मी चांदवड तालुक्यातली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. गावातल्या शाळेत विज्ञानाच्या बाई फळ्यावर रक्तगटांचा तक्ता काढायच्या. तो मला अजून पाठ आहे. या बाईंमुळे मी शिकले, बी.कॉम. झाले आणि आज नाशिकमध्ये एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. माझे पती प्रशांत पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहेत. आम्ही पंचवटीत राहतो. सासरे आता नाहीत. सासूबाई पिंपळगावजवळच्या गावी एकट्या राहतात, त्यांना शहरात करमत नाही.

कार्ड

माझा गट ए निगेटिव्ह. पहिल्या वेळी माहेरी चांदवडच्या दवाखान्यात तो कळला. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजून त्याच्याशी लढायला शिकतं. पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप राहतं, त्रास होतो तो पुढच्या पॉझिटिव्ह बाळाला. म्हणून बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यायचं असतं.

“मिस्टरांचा गट कोणता?” डॉक्टरांनी विचारलं.

प्रशांत यांनी खिशातून पॅकहाउसचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. फोटोखाली स्वच्छ छापलेलं होतं, ओ निगेटिव्ह.

“दोघंही निगेटिव्ह? मग प्रश्नच नाही. तरी लॅबमधून एकदा खात्री करून घ्या.”

आम्ही ती खात्री करून घेतली नाही. स्वरा झाली तेव्हा सिस्टरने बाळाचा गट बघायचा का म्हणून विचारलं. प्रशांत म्हणाले, “कशाला पोरीला टोचायचं? आम्ही दोघं निगेटिव्ह आहोत.” मीही मान हलवली. फळ्यावरचा तक्ता मला आठवत होता, दोन निगेटिव्हच्या पोटी निगेटिव्हच. आपल्याला हे कळतं याचा मला थोडा अभिमानसुद्धा वाटला.

त्या बाळंतपणातली आणखी एक गोष्ट मी मनात धरून ठेवली होती. सासूबाई स्वराला बघायला दीड महिना आल्या नाहीत. चांदवड काही लांब नाही, हायवेवरून सरळ एस.टी. आहे. बारशालाही आल्या नाहीत. मुलगी झाली म्हणून आल्या नाहीत, असं मी ठरवून टाकलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं

दुसऱ्या वेळी नाशिकमध्येच नाव घातलं. चौथ्या महिन्यातले रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं डॉक्टर मॅडमच्या समोर बसलो होतो. मॅडमनी कागद दोनदा वाचला.

“तुझ्या रक्तात पॉझिटिव्ह रक्ताशी लढणारे घटक तयार झालेत. मागच्या वेळी इंजेक्शन घेतलं नव्हतंस?”

“नाही. आता घेते ना.”

“ते आधी घ्यायचं असतं गं. शरीर एकदा शिकलं की मग त्याचा उपयोग नाही.”

“पण मॅडम, हे पण निगेटिव्ह आहेत.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मोठीचा गट तपासलाय?”

“नाही.”

“तुला कधी रक्त चढवलंय? मधे कधी गर्भ राहून पडला होता?”

“नाही.”

तक्ता मला पाठ होता, तोच आता माझ्या अंगावर आला. दोन निगेटिव्हच्या पोटी पॉझिटिव्ह मूल होत नाही. स्वरा जर पॉझिटिव्ह निघाली, तर माझ्याबद्दल काय समजलं जाईल? मला प्रशांत यांच्याकडे बघण्याचं धाडस होईना. इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी इतकी घाबरले नव्हते.

तेवढ्यात ते उठून उभे राहिले. वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे.

“मॅडम, हिचं काही नाही. माझं कार्ड खोटं आहे.”

“खोटं म्हणजे?”

“म्हणजे गट मीच सांगितला होता. अंदाजे.”

“रक्तगट? अंदाजे?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते नवीन लागले तेव्हा परदेशी गिऱ्हाइकांची माणसं पॅकहाउस तपासायला येणार होती. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्र हवं म्हणून एका दिवसात साठ कार्डं करायची होती. ऑफिसातला माणूस एकेकाला बोलावून विचारत होता आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही असं त्याला वरून सांगितलेलं होतं. प्रशांत यांना आपला गट माहीत नव्हता. भिंतीवर प्रथमोपचाराचा तक्ता टांगलेला होता. त्यावर लिहिलं होतं की ओ निगेटिव्ह रक्त कुणालाही चालतं.

“मला वाटलं, सगळ्यांना चालतो तो गट चांगला,” ते म्हणाले. “म्हणून तोच सांगितला. नंतर कार्ड बघून बघून मलाच खरं वाटायला लागलं.”

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक प्रशांत यांची आणि एक स्वराची. संध्याकाळी रिपोर्ट आले. प्रशांत ओ पॉझिटिव्ह, स्वरा ए पॉझिटिव्ह.

माझं अक्षर

आठ दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. डबा भरून द्यायचे, पण हातात न देता ओट्यावर ठेवायचे. ते मुकाट्याने उचलून पिंपळगावची वाट धरायचे. पोटातलं बाळ या माणसाच्या एका फुशारकीमुळे धोक्यात आलं आहे, हे डोक्यातून जातच नव्हतं.

नवव्या दिवशी शाळेत मुलांच्या ओळखपत्रांचं काम निघालं. स्वरा आमच्याच शाळेत बालवाडीत आहे. गठ्ठ्यात तिचा फॉर्म हातात आला. रक्तगटाच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलेलं होतं, ‘ए निगेटिव्ह’. अक्षर माझं होतं.

तपासलेला नसताना मी तो भरला होता. का? तर रकाना रिकामा दिसू नये म्हणून. त्या गठ्ठ्यातले असे किती रकाने मी पालकांनी तोंडी सांगितलं म्हणून भरले होते, देव जाणे.

घरी आल्यावर तो फॉर्म मी प्रशांत यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे तू पण पॅकहाउसवालीच,” ते म्हणाले.

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. त्या दिवसापासून डबा पुन्हा हातात जाऊ लागला.

शिबिर

प्रशांत यांनी मालकाला गाठून सगळी हकिकत सांगितली. पुढच्या आठवड्यात रक्तपेढीची माणसं पॅकहाउसमध्ये आली. क्रेट बाजूला सारून टेबलं लावली आणि सगळ्यांचे गट तपासले. साठातल्या कितीतरी जणांचे चुकीचे निघाले. गाडीवर माल चढवणारे राजूदादा सटाण्याकडचे. त्यांच्या कार्डावर बी पॉझिटिव्ह होतं, निघाले ओ निगेटिव्ह. प्रशांत घरी येऊन म्हणाले, “माझा गट खरा त्यांच्याकडे होता.”

मॅडमनी सासूबाईंचाही गट विचारला होता. वडिलांकडून आणि आईकडून मिळून प्रत्येकाला दोन चिन्हं येतात, असं त्यांनी सांगितलं. प्रशांत यांची दोन्ही अधिक असली तर बाळ नक्की पॉझिटिव्ह. एक अधिक आणि एक उणे असेल तर निम्मी आशा. सासूबाईंना त्याच शिबिरात नेलं. त्या ओ निगेटिव्ह निघाल्या.

“म्हणजे प्रशांतकडे एक उणे नक्की आहे, आईकडून आलेलं,” मॅडम म्हणाल्या. “बाळाला ते मिळालं असेल तर काहीच होणार नाही.”

आयुष्यभर उणेला घाबरलेली मी आता रोज उणे मागत होते.

सोनोग्राफीची खोली

मग दर पंधरा दिवसांनी आणि पुढे दर आठवड्याला सोनोग्राफी. बाळाच्या डोक्यातल्या एका रक्तवाहिनीत रक्त किती वेगाने वाहतं ते बघायचे. रक्त कमी झालं की ते पातळ होतं आणि जास्त वेगाने पळतं. मला एवढंच कळायचं. सोनोग्राफीचे डॉक्टर यंत्राच्या पडद्याकडे बघायचे आणि मी डॉक्टरांच्या भुवयांकडे. भुवया जागेवर असल्या की आठवडा चांगला जायचा.

त्या रांगेत मला माणसं चांगली भेटली. माझ्या आधी आत जाणारी एक बाई दर वेळी स्वतःची केळी मला अर्धी द्यायची. दवाखान्यातल्या मावशी मला “आठवड्याचं गिऱ्हाईक” म्हणायच्या. शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंनी गुरुवारची सुट्टी एकदाही मोजली नाही. मी या सगळ्यांची ऋणी आहे.

आठव्या महिन्यात एका गुरुवारी भुवया वर गेल्या.

मॅडमनी लपवलं नाही. बाळ पॉझिटिव्ह आहे, त्याचं रक्त कमी होऊ लागलंय, पण वजन चांगलं आहे. आणखी दहा दिवस पोटात राहू द्यायचं आणि मग बाहेर काढायचं. बाहेर आल्यावर कावीळ वाढली तर बाळाचं रक्त बदलावं लागेल. त्यासाठी ताजं ओ निगेटिव्ह रक्त आधीच तयार ठेवायचं.

“वाचेल ना?” मी विचारलं.

“आपण आधी पकडलंय,” त्या म्हणाल्या. “मला भीती न पकडलेल्यांची वाटते.”

सासूबाईंचं रक्त

ओ निगेटिव्ह हा शब्द ऐकताच सासूबाई दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन नाशिकला हजर झाल्या. त्या अंगठा उठवत नाहीत, सही करतात, पण वाचता येत नाही. गट मात्र त्यांनी पाठ केला होता.

“माझं घ्या. त्याच गटाचं हाय. घरातलं असताना भाईरचं कशाला?”

मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, “आजी, तुम्हाला मुलं किती?”

“ह्यो एकच.”

“आणि झालेली किती?”

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग हाताची चार बोटं दाखवली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हे मी पहिल्यांदा ऐकत होते. प्रशांत यांनाही एवढंच माहीत होतं की मागची भावंडं जगली नाहीत.

“ह्याच्यामागं पोरगी झाली,” त्या सांगू लागल्या. “दुसऱ्या दिशी हळदीवानी पिवळी पडली. तिसऱ्या दिशी गेली. मग पोरगा. तो बी तसाच. चौथं पोटातच गेलं. लोकं म्हनली, हिची सावली पिवळी हाय. सासू म्हनली, हिच्या दुधात इख हाय. मग मी कुनाच्या लहान लेकराजवळ गेलेच नाय. दीड महिना झाला का मग जायाचं. लेकरानं जरा बाळसं धरलं म्हंजी.”

दीड महिना. मी खाली बघितलं. स्वराच्या वेळची माझी अढी तिथेच, त्या खुर्चीपाशी गळून पडली आणि त्या जागी लाज आली.

मॅडमनी त्यांच्या रक्ताचा थोडा नमुना घेऊन रक्तपेढीला पाठवला. दुपारी निरोप आला. मॅडमनी आम्हा सगळ्यांना आत बोलावलं.

“आजी, तुमचं रक्त नाही घेता येणार. एक तर जवळच्या नातेवाइकाचं आम्ही टाळतो. आणि दुसरं म्हणजे, सुनेच्या रक्तात जे घटक आहेत तेच तुमच्याही रक्तात सापडले. अजून आहेत.”

“अजून? पस्तीस वर्सं झाली की.”

“हो. थोडे आहेत, पण आहेत. तुम्ही निगेटिव्ह, मालक पॉझिटिव्ह असणार. पहिल्या मुलाच्या वेळी तुमचं शरीर लढायला शिकलं. मागच्या तिघांना म्हणूनच त्रास झाला. तुमच्या काळात गावात हे बघणारं कुणी नव्हतं.”

सासूबाई बराच वेळ मॅडमच्या टेबलावरच्या कागदाकडे बघत होत्या.

“म्हंजी दुधात काय नव्हतं?”

“काही नव्हतं.”

“सावलीचं बी नाय?”

“नाही आजी.”

“ह्यात लिवलंय तसं?” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. मॅडमनी हो म्हटल्यावर त्यांनी तो कागद मागून घेतला, घडी केली आणि कनवटीला खोचला. रडल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “चल, तू काय खाल्लं नसशील.”

निळा उजेड

रक्त राजूदादांनी दिलं, बाळंतपणाच्या आदल्या दिवशी. पिंपळगावहून द्राक्षांच्या टेम्पोत बसून आले. हाताला कापूस धरून मला भेटायला आले आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “वहिनी, मन्हं रगत कामले उनं!” म्हणजे माझं रक्त कामाला आलं. मी नमस्कार केला तर ते लाजले.

मुलगी झाली. रडली, पण आवाज बारीक होता. सिस्टरने मला तिचा फक्त चेहरा दाखवला आणि आत नेलं. कावीळ अपेक्षेपेक्षा लवकर चढू लागली. दुपारी तिचं रक्त बदलायला घेतलं. नाळेतून थोडं काढायचं, थोडं घालायचं, पुन्हा काढायचं. दोन तासांहून जास्त चाललं ते. मी वर खाटेवर होते, टाके दुखत होते, हलता येत नव्हतं. प्रशांत काचेबाहेर उभे होते. सासूबाई जिन्यात बसल्या होत्या. काचेजवळ या म्हटलं तर येईनात.

“कागद हाय ना तुमच्याकडं,” प्रशांत त्यांना म्हणाले.

“कागद हाय रे. पायच उचलत नाय.”

त्यानंतर चार दिवस बाळ काविळीवरच्या निळ्या उजेडात होतं. डोळ्यांवर पट्टी आणि अंगावर फक्त लंगोट. मी खालीवर करून दूध काढून द्यायचे. दर वेळी सिस्टर काविळीचा आकडा सांगायची. आकडा वाढला, थांबला, मग उतरू लागला. पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर बाळाला दुपट्यात गुंडाळून दारात आली.

“कोण घेतंय?”

मी हात पुढे केले नाहीत. सासूबाईंकडे बघून म्हटलं, “आई, तुम्ही घ्या.”

“आगं, पाचवाच दिस हाय.”

“म्हणूनच.”

त्यांनी आधी हात पदराला पुसले. मग घेतलं. बाळाने जांभई दिली. सासूबाई तिच्या तोंडाकडे, कानांकडे, तळपायांकडे बघत राहिल्या. उजेडाकडे वळून त्यांनी तळपाय पुन्हा बघितले.

“गुलाबी हाय,” त्या म्हणाल्या.

आता

पुढचे दोन महिने बाळाचं रक्त तपासत राहिलो. एकदा थोडं चढवावंही लागलं. आता तिला काही त्रास नाही. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं आहे की पुढचं बाळंतपण आणखी अवघड जाईल. आमच्या दोन मुली आहेत आणि आम्हाला त्या पुष्कळ आहेत.

निगेटिव्ह गट हा आजार नाही, दोषही नाही. फक्त वेळेवर कळायला हवा आणि नवऱ्याचाही कळायला हवा, तोही लॅबच्या कागदावर. गर्भ पडला असला तरी डॉक्टरांना सांगा. इंजेक्शनची गरज तेव्हाही असते. शाळेत मी आता रिपोर्ट बघितल्याशिवाय कुठल्याच मुलाचा रकाना भरत नाही. पालक कुरकुर करतात, रिकामा रकाना वाईट दिसतो म्हणतात. दिसू दे.

बारसं सासूबाईंच्या गावी केलं. पाळण्याशी आत्या लागते, नाव तीच ठेवते. प्रशांत यांना बहीण नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, “चुलत आत्या बोलवा कुनीतरी.”

सासूबाई पाठीमागे भिंतीशी बसल्या होत्या, जुन्या सवयीने पाळण्यापासून लांब. तिथूनच म्हणाल्या, “सख्खी आत्या होती तिला. तीन दिस होती.”

मी उठले, त्यांचा हात धरला आणि त्यांना पाळण्यापाशी आणलं. त्या वाकल्या आणि आम्ही ठरवलेलं नाव त्यांनी बाळाच्या कानात सांगितलं, ‘ईश्वरी’. पण लगेच सरळ झाल्या नाहीत. आणखी काहीतरी हळूच सांगत राहिल्या. दुसऱ्याच दिवशी पिवळ्या पडलेल्या त्यांच्या त्या मुलीचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, हे मला माहीत होतं. त्यांच्या मनातलं ते नाव कोणतं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

मग रीतीप्रमाणे बायकांनी ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव ठेवणारीच्या पाठीत धपाटे घातले. सासूबाई ओरडल्या, “आगं हळू, म्हातारीला मारता का!” आणि वाकलेल्या तशाच हसत राहिल्या.